आत्याबाई बसल्या का रेडिओ खरखरते

तं तुमीच सांगा मले, रेडिओ खरखरला म्हनून म्हातारीच्या कमरेचा अडकित्ता काढून घ्याचा असते का? अन् अडकित्ता काढून झाला, किल्ल्यायचा जुडगा काढून झाला, तरी खरखर जात नाई म्हनून तिच्या तोंडात बॅटरी मारून दाढेत भरलेली चांदी पाह्याची असते का? भर दुपारी, दुकानासमोर, गिऱ्हाईक उभं असताना! म्या म्हनलं, अवो, रेडिओ गाडीत हाय, आत्याबाईच्या दाढेत नाई. तं मलेच म्हनतेत, "तुले वायरिंगमधलं काय समजते?" जसे काई हे वीज खात्यातूनच रिटायर झाले. किराणा दुकान हाय वो आमचं, मीठ-मिरची विकतो आमी... पन मानूस वाईट नाई, बरं का. आधीच सांगून ठेवते, नाईतं मागून म्हनसान, बाई चारचौघात नवऱ्याची बदनामी करून राह्यली. मानूस वाईट नाई. फक्त डोक्यात एखादी गोष्ट शिरली का ती तथीच घर बांधून राह्यते.

नाव नाई घेत मी यायचं. नेरडीगोंड्याच्या अलीकडं, आदिलाबादच्या मोठ्या रस्त्याले लागून आमचं दुकान हाय, त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहेल हाय, 'चंपतराव किराणा अँड जनरल', ते तुमी आपापलं वाचा अन् मले मोकळं करा.

तं आत्याबाई म्हंजे यायची सख्खी आत्या, गयाबाई. यायची माय गेली तवा हे रांगत होते. आत्याबाईनं उचललं अन् आपल्या घरी नेलं, तिले पोटचं काई नव्हतं, यायलेच पोटचं केलं. तिचे मालक मारोतराव, कापसाची अडत होती त्यायची, लय हौशी मानूस. बेल्लमपल्लीच्या खाणीतला एक साहेब बदली होऊन चालला होता, त्याची गाडी यायनं... म्हंजे मारोतमामानं घेतली. जुनी फियाट, सगळीकून गोल, समोरून पाह्यली तं डुकरावानी दिसते, पन मामाचा जीव तिच्यात. अन् गाडीत रेडिओ! त्या काळात आमच्या इकडं गाडी दिसली तं लोक उभे राहून पाह्यत, अन् हे गानं वाजवत जानारी गाडी.

आता गंमत ऐका. मारोतमामा चालवत, पुढं बाजूले बसत त्यायचे वडील. सासऱ्याच्या पुढं सुनेनं कशी बसाची? मंग आत्याबाई मांगं, डाव्या खिडकीपाशी. तीस वर्स मांगंच बसली. सासरे गेले, पुढची सीट रिकामी झाली, मामा म्हने, "आता तरी ये पुढं." तं म्हने, "नाई. अथून तुमचं डोकं दिसते मले." झालं. मामा गेले, गाडी चिंचेच्या झाडाखाली उभी राह्यली, कोंबड्या आत अंडे द्याले लागल्या, तवा एक दिवस आत्याबाईनं यायच्या हातात किल्ली ठेवली. "चंपत, चालव तू. मले काई नोको. फक्त माही खिडकी मले राहू दे." एवढीच मागनी हो म्हातारीची. जमीन नाई मागतली, सोनं नाई मागतलं, एक खिडकी.

अन् यायनं दिली, हसत दिली, मानूस वाईट नाई.

पन मंग यायले सुचलं का रेडिओचा आवाज पुढंच घुमते, मांगच्याले काई ऐकू येत नाई. मांगं बी एक स्पीकर पाह्यजे, म्हंजे गाडी दुकानासमोर उभी केली का ओट्यावरच्या लोकायले नागपूरचे बाजारभाव ऐकू येतीन. बरं, नेरडीगोंड्याले फकिरा मेकॅनिक हाय, चांगला मानूस, तो म्हने, "सेठ, लाके छोड दो, मैं लगा देता." नाई! "त्यात काय हाय? दोन वायरी तं हाय." घरच्या घंटीची उरलेली वायर काढली, सीट उचलली, खालून वायर नेली, काय बांधलं, काय ठोकलं, मले माईत नाई, पन संध्याकाळी मांगून गानं वाजलं अन् यायची छाती अशी फुगली का बनियनच्या गुंड्या... बनियनले गुंड्या नसतेत, पन असत्या तं तुटल्या असत्या. अख्ख्या गावाले बोलावून दाखवलं. आत्याबाई ओट्यावर बसून ऐकत होती. म्हने, "माह्या चंपतनं केलं."

दुसऱ्या दिवसापासून खरखर.

अन् कशी खरखर? साधी नाई. मधातच. बाई बातम्या सांगून राह्यली, "आज केंद्रीय मंत्रिमंडळाच्या बैठकीत... खर्र्र... टक्... खर्र्र... असे त्यांनी सांगितले." काय सांगितले? कोनाले मालूम! खड्डा आला का खर्र, वळन आलं का टक्. आत्याबाईले घेऊन आदिलाबादले जाऊन येस्तोवर यायचं तोंड एवढुसं झालं. तसेच फकिराकडं गेले, आत्याबाई खिडकीपाशीच. फकिरानं डायनेमोले एक डबीवानी कंडेन्सर बसवला, प्लगच्या वायरी बदलल्या, बोनेटले तांब्याची पट्टी लावली. खर्र्र. मंग त्यानं इंजिनच बंद केलं. गाडी उभी, इंजिन मुकं, अन् रेडिओ? खर्र्र. फकिरा डोकं खाजवून म्हने, "सेठ, ये इंजन का लफडा नई है. ये कुछ और है." कुछ और! हे दोन शब्द यायच्या कानात गेले अन् आमच्या घरात साडेसाती आली.

कारन काय, येळ नव्हती. आमच्या लेकीची, शकुची सोयरीक जमून राह्यली होती उटनूरले. मुलाचे वडील यशवंतराव, सरकारी हापिसात हेडक्लार्क, देहानं भारदस्त, बोलनं एकदम पुस्तकातलं. अन् पयल्याच भेटीत यायनं त्यायच्यासमोर सांगून टाकलं, "साहेब, आमच्या गाडीतला रेडिओ असा वाजते, का मानूस बाजूले बसून बोलून राह्यला." आता? सुपारी फोडाले उटनूरले जाचं, अन् वापस येताना व्याह्याले त्याच गाडीत बसवून घरी जेवाले आनाचं, असं ठरेल होतं. आता व्याही बसले अन् खर्र्र झालं तं? पोरीच्या बापाची काय किंमत राह्यली?

मंग यायनं तपास लावला. कसा लावला? आमाले सगळ्यायले गाडीत बसवलं. पुढं शेजारचे लक्ष्मणराव, मांगं मी, मधात लक्ष्मणरावची वच्छलाबाई, अन् खिडकीपाशी आत्याबाई. रेडिओ लावला. खर्र्र. "लक्ष्मणराव, उतरा." उतरले. खर्र्र. "वच्छलाबाई, उतरा." खर्र्र. मले उतरवलं. खर्र्र. मंग आत्याबाई उतरली... अन् बाप्पा, रेडिओ साफ! असा साफ, का गानाऱ्या बाईनं मधात श्वास घेतला तो बी ऐकू आला. हे म्हनतेत, "आत्या, पुन्हा बस." बसली. खर्र्र. "उतर." साफ. "बस." खर्र्र. "उतर." ती म्हातारी आपली एका हातानं दार धरून चढून राह्यली, उतरून राह्यली, अन् रस्त्यावरचे लोक थांबून पाह्यतेत.

म्या म्हनलं, वजनानं होत असन. आत्याबाई जराशी अंगानं हाय. हे म्हनतेत, बरं, पाहू. ज्वारीचं पोतं आनलं, सीटवर आडवं टाकलं. साफ. मले बसवलं, मी काडीवानी, मी बसली काय अन् नाई बसली काय. साफ. झालं! हे मोटारीच्या टपावर हात ठेवून उभे राह्यले अन् मोठ्या डॉक्टरवानी बोलले, "वजनाचा सवाल नाई. मानसाचा सवाल हाय."

मंग ते अडकित्ता, ते किल्ल्या, ते दाढ... सांगितलं तुमाले. चप्पलच्या खिळ्यापर्यंत गेले हो. म्हातारीले अनवानी बसवलं. खर्र्र. मंग वच्छलाबाईनं आपलं डोकं चालवलं, कोनी इचारलं नसताना. "आत्याच्या अंगात करंट असन. माह्या माहेरी एक बाई होती, ती हात लावे अन् घड्याळ बंद पडे." आता हे वाक्य बोलाची गरज होती का? सांजच्यापर्यंत गावभर झालं, गयाबाईच्या अंगात करंट हाय. शाळेतून येनारे पोट्टे तिले बोट लावून पळाले लागले.

अन् आत्याबाई? तिनं मानलं. चंपत म्हनते म्हंजे असनच. दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवून राह्यली, तं ती दाराशी उभी. आत नाई येत. मले म्हनते, "सूनबाई, मी दुधाले हात लावला तं नासन का वं?" तुमाले सांगते, माह्या हातातली फुंकनी खाली पडली. म्या म्हनलं, काई नाई नासत, या तुमी. आली, पन त्या दिवसापासून दुकानातल्या तराजूले हात लावे ना. म्हने, काटा हालन. हे बाजूलेच उभे होते, ऐकलं यायनं. गोडंबी काढून दिली आत्याबाईले, गिऱ्हाइकाले सुद्धा उघडून दाखवत नाईत ती बरनी. अपराधी मानूस घरात असला ना, का दर घंट्याले काईतरी खाऊ घालते. गोडंबी झाली, खारका झाल्या, खडीसाखर झाली. म्हातारी म्हने, "चंपत, पोट बिघडन माहं." मानूस वाईट नाई, पन दुकान रिकामं होऊन राह्यलं होतं.

आता खरी गोष्ट. आमच्या घरात पद्धत अशी, का सुपारी घरातल्या सगळ्यात मोठ्या मानसानं फोडाची. बाई असो का बुवा, विधवा असो का सवाष्ण, मोठं ते मोठं. आत्याबाईनं केवढ्या दिवसापासून ठेवलं होतं मनात, शकुची सुपारी मी माह्या अडकित्त्यानं फोडीन. अन् दुसरं म्हने, "पोट्टी कोन्या घरात जाते ते मले पाह्यचं हाय. चूल कुठं हाय, पानी कुठून आनतेत, ते पाह्यल्याबिगर मी हो नाई म्हनत." अन् जाचा दिवस आला तवा हे तिच्यासमोर उभे, मान खाली, चप्पलनं माती उकरत. "आत्या... तू असं कर ना... तू बसनं ये ना. बस बी तथीच येते." बस! ज्या बाईच्या नवऱ्याची गाडी, तिले म्हनतेत बसनं ये! अन् ती काय बोलली माईत हाय? "बरं." बस, एवढंच. चिडली असती तं बरं झालं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या तं यायचं ओझं हलकं झालं असतं. "बरं" म्हनली अन् तिळाचे लाडू फडक्यात बांधून रस्त्यावर जाऊन उभी राह्यली. हे स्वतः गेले तिले बसमधे बसवाले. बस निंघता निंघता खिडकीतून म्हनते, "रेडिओ लावजो रे चंपत. तुह्या बायकोले गाने आवडते."

लावला ना रेडिओ. काय साफ वाजला म्हनता! गाने बी असे चांगले चांगले, एकामांगं एक, जसे काई मुद्दामच. अन् गाडीत सुतक. लक्ष्मणराव खिडकीबाहेर पाह्यते, वच्छलाबाई पदर चावते, डाव्या खिडकीपाशी पेढ्याचा डबा ठेवेल होता, तो हालत जाते. मी बी काय बोलू? मी बी बसलीच होती गाडीत. जंगलाचा रस्ता लागला अन् यायनं हळूच हात नेऊन रेडिओ बंद केला. ज्या रेडिओसाठी म्हातारी उतरवली, तो ऐकवला नाई मानसाले. म्या इचारलं, काऊन बंद केला? "डोकं दुखते." डोकं! दुखत दुसरंच काईतरी होतं, नाव डोक्याचं.

उटनूरले पोचलो तं यशवंतराव दारातच, हातात कॅलेंडर. त्या साईडले राहूकाळ लय पाह्यतेत, तेलगू शेजाऱ्यायच्या संगतीनं. म्हनाले, "चंपतराव, राहूकाळ सुरू व्हायच्या आत सुपारी झाली पाहिजे, बरं का. त्यानंतर आमच्याकडे शुभ काही करत नाहीत." हे म्हनाले, "आत्या येऊन राह्यली बसनं... जरासं थांबू." यशवंतराव म्हनाले, "आत्याबाईंसाठी आपण थांबू हो, पण राहूकाळ थांबेल का?" अन् बसचा काई कसूर नाई, बस तिच्या टायमानं येनार होती. आमीच म्हातारीले तिच्यात बसवलं होतं.

पाट मांडला, सुपारी ठेवली. यशवंतराव म्हनाले, "अडकित्ता?" अन् हे खिशात हात घालतेत... अन् हाताले काय लागते? आत्याबाईचा अडकित्ता. तपासाले काढून घेतला होता तो वापसच दिला नव्हता, तेव्हापासून यायच्याच खिशात फिरून राह्यला होता! पितळेचा, मोराच्या तोंडाचा. यायचं तोंड पाह्यलं म्या. काढावा का नाई, काढावा का नाई... यशवंतरावनं हात पुढं केला, "वा, छान आहे," म्हनून घेतला. फोडली सुपारी. तिच्याच अडकित्त्यानं, तिच्याबिगर.

पेढे वाटून झाले अन् दारात आत्याबाई. घामानं पदर ओला, हातात ते लाडवायचं फडकं. आमच्या सगळ्यायच्या तोंडात पेढे. तिनं पाह्यलं आमच्याकडं, पाटाकडं पाह्यलं, फुटलेल्या सुपारीच्या बाजूले आपला अडकित्ता पाह्यला. अन् म्हनली, "झालं का? बरं झालं बाई, येळेवर झालं." अन् लाडू ठेवून सरळ आत गेली चूल पाह्याले. मी मांगं गेली तं चुलीजवळ उभी, चुलीकडं पाह्यतच नव्हती. भिंतीकडं तोंड. मी तशीच वापस आली.

बाहेर हे. पेढा अजून गालात. गिळता येईना, थुंकता येईना.

आता निंघाची येळ. ठरल्यापरमानं यशवंतराव गाडीत. लक्ष्मणराव अन् वच्छलाबाई म्हनले, आमी आत्यासंगं बसनं येतो. तेवढी तरी अक्कल कोनाले आली. आत्याबाई बोलली, "व्याह्याले बसू द्या चांगलं मोकळं." यायनं पुढचं दार उघडलं यशवंतरावसाठी. तं ते म्हनतेत, "नाही नाही, पुढे ऊन लागतं. मी मागे बसतो, खिडकीपाशी." अन् गाडीले चक्कर मारून बसले. कुठं? डाव्या खिडकीपाशी! अन् मानूस कसा, सांगितलं ना, भारदस्त. सीट कुईं करून खाली गेली. मी आपली दुसऱ्या टोकाले. गाव सुटलं, यायनं घसा साफ केला, अन् रेडिओ लावला.

खर्र्र्र... टक्... खर्र्र्र...

अबब. आरशात यायचे डोळे पाह्यले म्या. आता? आता कोनाले उतरवता? व्याह्याच्या अंगात करंट हाय का? व्याह्याचं तोंड उघडून बॅटरी मारता? यायच्या कपाळावर घामाचे थेंब दिसून राह्यले अन् तेवढ्यात यशवंतराव एकदम वर उडाले. "अहो! अहो, गाडी थांबवा. काहीतरी टोचतंय इथं."

गाडी थांबली. कशी थांबली म्हनता, बैल बी तेवढ्यात थांबत नाई. व्याह्याले टोचलं! हे पळत आले, दार उघडलं, यशवंतराव उतरले, हातानं मांगून चोळत. सीट उचलली. अन् सीटच्या खाली काय? यायचीच कारागिरी. घंटीची वायर सीटच्या स्प्रिंगले बांधली होती, सुतळीनं नाई, स्लॅबच्या सळ्या बांधतेत ना, त्या लोखंडी तारेनं. अन् पीळ मारून तारेचे दोनी टोकं तसेच सोडले. एक टोक वर, सीटच्या कापडातून बाहेर आलेलं. एक टोक खाली, वायरच्या आत घुसलेलं. जड मानूस त्याच जागी बसला का स्प्रिंग दबे, तार वायरले चावे, अन् रेडिओ बोंबले. पोतं आडवं टाकलं तवा स्प्रिंग दबलीच नव्हती, अन् माहं तं वजनच नाई. एवढंच. करंट नाई, चांदी नाई, काई नाई.

यशवंतरावनं चष्मा वर करून पाह्यलं. "कोणी केलंय हे काम? अगदीच गबाळ्या माणसाचं दिसतंय."

अन् आमचे हे, लेकीचा बाप, नव्या व्याह्यासमोर, तोंडातून काय निंघावं? "ते... तो फकिरा हाय ना... मेकॅनिक..."

म्या पाह्यलं यायच्याकडं. यायनं नाई पाह्यलं माह्याकडं. बिचाऱ्या फकिरानं त्या सीटले हात बी लावला नव्हता. आता एकाच्या जागी दोन झाले, म्हातारी एक अन् फकिरा एक. मानूस वाईट नाई हो. पन वाईट नसलेल्या मानसाच्या हातून एका दिवसात किती होऊ शकते, ते म्या त्या दिवशी पाह्यलं. अन् आमी असे सीट रस्त्यावर ठेवून उभे, तं मागून बस आली. खिडकीत आत्याबाई. आमाले पाहून हात हालवला तिनं, अन् बस निंघून गेली.

तार उपटली तसा रेडिओ साफ वाजला, व्याही जेवून गेले. रेडिओची तारीफ करून गेले. यायनं घास नाई घेतला. आत्याबाई ओट्यावर बसेल होती, पाय लांब करून. हे तिच्यासमोर खाली मातीत बसले. अडकित्ता काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"आत्या, तार होती सीटखाली. म्याच बांधली होती. तुह्या अंगात काई नाई."

"हो? बरं झालं बाबा, सापडलं."

"तुले टोचत नव्हती का?"

"टोचत होती ना."

"कवापासून?"

"बसवली तवापासून."

आता यायचा आवाज फाटला. "अवं मंग बोलली काऊन नाई?"

तं आत्याबाई म्हनते, अन् रागानं नाई हो, एकदम सीधं, जसं कोनी बाजारातून काय आनलं ते सांगते. "तू इचारलं किल्ल्या हाय का, म्या हाय म्हनलं. अडकित्ता इचारला, दिला. दात इचारला, दाखवला. टोचते का म्हनून तू इचारलं कुठं? अन् मले काय मालूम बाबा, मले जे टोचून राह्यलं तेच रेडिओले बी टोचून राह्यलं म्हनून."

हे ढसाढसा रडले. चारचौघात, दुकानासमोर, एवढा मोठा मानूस. आत्याबाईनं डोक्यावरून हात फिरवला, म्हने, "उठ, गिऱ्हाईक आलं." गिऱ्हाईक वच्छलाबाई होती, तिले काई घ्याचं नव्हतं, पाह्याले आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच हे फकिराकडं जाऊन त्याच्या बी पाया पडले. तो घाबरला. म्हने, "सेठ, तबियत ठीक है ना?"

एवढ्यावर मिटलं असतं तं मी तुमच्यासमोर उभी राह्यली नसती. आत्याबाई पुन्हा खिडकीपाशी बसाले लागली, शकुचं लग्न झालं, तार फेकली, फकिरानं नवी वायर टाकली, रेडिओ साफ. पन हे नाई साफ झाले. आता दर दोन मैलाले मान मांगं, "आत्या, टोचते का?" "नाई रे." पुढं गेलो. "आत्या, टोचते का?" "नाई." अन् नाई म्हनलं का यायचं तोंड उतरते. ओट्यावर बसली, "टोचते का?" खाटेवर बसली, "टोचते का?" देवळात कीर्तन चालू, हे खांबामागून इशारा करून इचारतेत. मानसाले जेवन गोड लागेना, हिशेब जमेना. मी तं हात टेकले.

मंग दिवाळीले शकुले आनाले उटनूरले निंघालो. आत्याबाई खिडकीपाशी, मी बाजूले, रेडिओ गाऊन राह्यला. जंगलाच्या रस्त्याले यायची मान वळली. "आत्या, टोचते का?" अन् आत्याबाई म्हनते, "हो रे चंपत. टोचते जरासं."

बाप्पा! मानसाच्या तोंडावर काय उजेड आला! गाडी बाजूले, आमी उन्हात, सीट रस्त्यावर. हे गुडघ्यावर बसून एक एक स्प्रिंग चाचपून राह्यले, कापडावरून तळहात फिरवून राह्यले, स्वतः बसून पाह्यतेत, उठून पाह्यतेत. अर्धा घंटा. काई नाई. घाम पुसून उभे राह्यले तं कसे खुश! "काई नाई आत्या, एकदम साफ हाय. बस तू." मंग येताना पुन्हा तेच, अन् तवापासून दर खेपेले तेच. म्या हळूच इचारलं म्हातारीले, खरंच टोचते का वो? म्हने, "नाई वं सूनबाई. पन मी टोचते म्हनलं, का मंग रातभर झोपते तो."

तं असं हाय. मानूस वाईट नाई, रेडिओ एकदम साफ, आत्याबाई खिडकीपाशी, सगळं जिथल्या तिथं. फक्त आता गाडीनं निंघालं का आमी कुठंच येळेवर पोचत नाई... लवकर जाचं असलं तं मी आपली बसनं जाते.